ओटीबाहेरचं मत

मध्यंतरी माझ्या नातवानं मला विचारलं, "आजी, तुमच्या टाइमला कौनसी पार्टी होती?" भोपाळच्या टोकाला, मिसरोदच्या आमच्या बिल्डिंगखाली भोंगा लावलेली रिक्षा उभी होती आणि कुठल्याशा पक्षाचं तेच तेच गाणं वाजत होतं. मी म्हटलं, "माझ्या पहिल्या मताच्या वेळी एकही नव्हती." त्याला वाटलं, म्हातारी फेकते आहे. पार्टीच नाही तर वोट कुणाला, असं म्हणून तो हसत सुटला.

हसण्यासारखंच आहे. मी पण तेव्हा हाच प्रश्न अख्ख्या गल्लीला विचारून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं.

लग्न होऊन पुण्याहून भोपाळला आले तेव्हा मला दोन गोष्टी नीट येत होत्या, मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी आणि प्रश्न विचारणं. पहिलीचा सासरी उपयोग नव्हता आणि दुसरीचा सगळ्यांना त्रास होता. घरात आम्ही तिघंच. हे संस्थानच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. नोकरी अजून कच्ची होती, कायम झालेले नव्हते, आणि घरात जे काही बोलणं व्हायचं ते फिरून फिरून 'कायम' या शब्दाशी येऊन थांबायचं. तिसऱ्या माझ्या सासूबाई. त्या तरुणपणीच विधवा झालेल्या. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, बोलणं मोजकं. तळ्याकडे उतरणाऱ्या गल्लीतलं आमचं छोटं घर त्यांच्या नावावर होतं, कारण एका ज्योतिष्यानं सासऱ्यांना सांगितलं होतं की तुमच्या नावावर घर टिकणार नाही. घर टिकलं, सासरे गेले. ज्योतिष्याचं अर्धं तरी खरं झालं म्हणायचं.

साल विचारू नका. देश स्वतंत्र होण्याच्या आसपासचा हिवाळा होता. ह्यांच्या मते आधीचा, माझ्या मते नंतरचा. आणि भोपाळात त्या दिवसांत आधी आणि नंतर यांत तसा फरकही नव्हता, कारण दिल्लीत झेंडा बदलला तरी आमच्याकडे नवाबी चालूच होती. त्या हिवाळ्यात बातमी आली की संस्थानच्या कौन्सिलसाठी निवडणूक आहे आणि आमच्या भागातून तीन माणसं उभी आहेत. पक्ष म्हणून कुणीच नाही. शहरात पक्षांच्या सभा व्हायच्या, ते मी ऐकून होते. पण या निवडणुकीत त्यांनी माणूस उभा केला नव्हता. कुणी म्हणे दरबारची परवानगी नाही, कुणी म्हणे पक्षांनीच अंग काढून घेतलं. खरं काय ते मला आजही कळलेलं नाही.

मत सगळ्यांना नव्हतं. घरपट्टी भरणाऱ्याला, ठरावीक पगार असणाऱ्याला आणि मॅट्रिक झालेल्याला, असा काहीसा नियम होता. त्यामुळे गंमत अशी झाली की गल्लीतल्या धिप्पाड पुरुषांना मत नाही आणि आमच्या एवढ्याशा घरात तीन. ह्यांना पगारामुळे, मला मॅट्रिकमुळे आणि सासूबाईंना घरामुळे.

मी ह्यांना विचारलं, "अहो, पक्ष नाही तर मत द्यायचं कशावर?"

"माणूस बघून."

"कोणता माणूस?"

"आपला."

"आपला म्हणजे कसा ओळखायचा?"

"अगं, भात वाढ आता," हे म्हणाले.

दूधवाल्याला विचारलं. तो माप ओतता ओतता म्हणाला, "जो जीतेगा उसी को देंगे, भाभी. हारने वाले का अपन क्या करेंगे?" त्याला मतच नव्हतं हे मला नंतर कळलं. पण इतकं ठाम उत्तर त्या निवडणुकीत मला दुसऱ्या कुणीच दिलं नाही.

चिन्हं नव्हती, झेंडे नव्हते. प्रत्येक उमेदवाराला एका रंगाची पेटी दिली होती. मतदानाला जायचं, चिठ्ठी घ्यायची, पडद्यामागे जाऊन आपल्या माणसाच्या पेटीत टाकायची. मग काय, आठवड्याभरात माणसांची नावं गळून पडली आणि रंग उरले. पांढरी पेटी एका कापडवाल्याची. तो का उभा होता ते त्यालाही माहीत नसावं. निळी पेटी मागच्या गल्लीतल्या मास्टरसाहेबांची. ते मुलांना गणित शिकवायचे आणि रस्त्यानं जाताना स्वतःशीच आकडे पुटपुटायचे. आणि पिवळी पेटी मोठ्या साहेबांची.

मोठे साहेब म्हणजे आमच्यातलेच, मराठी. ह्यांच्याच खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. आमचं दहा-पंधरा मराठी घरांचं जग त्यांच्या ओसरीभोवती फिरायचं. गणपती त्यांच्याकडे, कोजागरी त्यांच्याकडे, कुणाच्या मुलीला स्थळ बघायचं तर सल्ला त्यांचा. आणि त्यांनी वरच्या साहेबाकडे एक शब्द टाकला की कच्ची नोकरी पक्की होते, असा ह्यांचा विश्वास होता. "ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी," हे म्हणायचे. मी विचारलं, "पण आपण अजून पोळी खाल्लीच कुठं?" त्यावर हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

तेव्हा आमच्या घरात पणाला लागलं होतं ते हेच. ह्यांचं कायम होणं. त्यासाठी घरातली तिन्ही मतं पिवळ्या पेटीत पडायला हवी होती, आणि पडतील यात ह्यांना शंका नव्हती. हे बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "आई, तुझी चिठ्ठी पिवळ्या पेटीत हं." सासूबाई म्हणाल्या, "बघू." मी घरात नवी होते. त्यांच्या 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांना ठाऊक असायला हवं होतं, पण मुलं आपल्या आईचं बोलणं कधी कान देऊन ऐकतात का?

संक्रांत झाली आणि हळदीकुंकवाचे दिवस सुरू झाले. पक्ष नाहीत, सभा नाहीत, मग प्रचार करायचा कसा? पुरुष पुरुषांना ऑफिसात, चहाच्या दुकानात गाठत होते. पण मॅट्रिक झालेल्या आणि घरं नावावर असलेल्या बायकांना गाठणार कोण? ते काम मोठ्या बाईंनी, म्हणजे मोठ्या साहेबांच्या पत्नीनं, अंगावर घेतलं. आधी त्यांनी सगळ्यांना आपल्या घरी बोलावलं. थंडी कडाक्याची होती, निम्म्या बायका गेल्याच नाहीत. मग त्या टांग्यातून स्वतःच घरोघर निघाल्या, सोबत खण-नारळांची पाटी घेऊन.

आमच्याकडे आल्या तेव्हा मी गडबडले. आलेल्या सुवासिनीची ओटी घरची बाई भरते, ही साधी रीत. इथं पाहुणीच ओटी भरायला आलेली! असं उलटं मी पुण्यात तरी पाहिलं नव्हतं. पण समोर नारळ धरल्यावर नाही म्हणता येतं का? मी पदर पसरला. त्यांनी मला हळदकुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ, बोरं, सगळं घातलं आणि हसून म्हणाल्या, "आता आमच्याकडे लक्ष असू द्या." मी नमस्कार केला. मग घाईघाईनं घरातला नारळ शोधून त्यांचीही ओटी भरली. फिटंफाट झाली, असं मला वाटलं. जाता जाता त्यांनी तिळगुळाची पुडी माझ्या हातात दिली. "सासूबाईंनाही द्या हं," म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.

सासूबाई तिथंच होत्या. ओसरीच्या कोपऱ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझ्यापासून चार हातांवर. त्यांनी मान वर केली होती, मोठ्या बाई वळल्या तेव्हा परत खाली घातली. हळदीकुंकवाच्या वेळी विधवा बाईनं बाजूला बसायचं असतं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं, आणि इतर बायकांच्या ते नजरेवळणी पडलेलं होतं. मलाही त्यात काही वेगळं दिसलं नाही, खोटं कशाला सांगू? मी पुडी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी एक तीळ उचलून तोंडात टाकला आणि पुन्हा खडे शोधायला लागल्या.

संध्याकाळी शेजारची वहिनी आली. तिला मी ओटीची गंमत सांगितली. ती म्हणाली, "गंमत कसली? ओटी घेतलीस ना? मग झालं तर. शब्द दिलास तू."

"मी कुठं शब्द दिला? मी नुसता पदर पसरला."

"पदर पसरणं म्हणजे काय असतं मग?"

मी चिडले. वाण द्यायला आलेली बाई मत घेऊन जाते म्हणजे काय? मी तावातावानं म्हटलं, की असं असेल तर मी नारळ परत करते. वहिनी म्हणाली, "ओटीचा नारळ परत करतेस? वेडी की काय! नवऱ्यावर येईल." तोवर त्या नारळाच्या वड्याही थापून झाल्या होत्या. आणि मला दिसायला लागलं की आमच्या दहा-पंधरा घरांतल्या सगळ्या बायका अशाच बांधल्या गेल्या आहेत. कुणी कुणाला काही विचारलं नव्हतं आणि कुणी कशाला हो म्हटलं नव्हतं. मोठ्या बाई ओट्या मोजत होत्या आणि मोठ्या साहेबांना घरी जाऊन मतं सांगत होत्या. पक्ष लागतोच कशाला, असं मला वाटून गेलं.

त्यानंतर एका दुपारी मास्टरसाहेब आले. हे ऑफिसात होते, मी मागे परसात वाळवण घालत होते. दाराशी पुरुषाचा आवाज ऐकला म्हणून मी आतल्या दाराआड येऊन उभी राहिले. मास्टरसाहेब पायरीच्या खालीच थांबले होते, आणि ओसरीवर सासूबाई एकट्याच सूप घेऊन बसलेल्या दिसल्या म्हणून तोंड समोरच्या कडुलिंबाकडे वळवून बोलत होते. सासूबाईंनी पदर सावरला आणि म्हणाल्या, "लड़का घर में नहीं है."

"लड़के से लड़के का वोट माँगूँगा, अम्माँजी. इस मकान की मालकिन आप हैं. आपका वोट आपसे माँगने आया हूँ."

सुपातले तांदूळ हलायचे थांबले होते एवढं मला दिसलं. मग त्या म्हणाल्या, "हमको पूछते हो?"

"जी, आप ही को."

"क्या पूछते हो?"

"यही, कि आप क्या चाहती हैं. फिर मैं अर्ज़ करूँगा कि मुझसे क्या हो सकता है."

इतका वेळ गेला की मला वाटलं, त्या आता आत निघून येतील. पण त्या विचार करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "तलाव के घाट पर शेवाळ है. नीचे की दो सीढ़ी टूटी है. हम पिछले साल गिरे थे. बाकी औरतें भी गिरती हैं, बोलती नहीं." हे मला माहीत होतं. त्या पहाटे तळ्यावर अंघोळीला जायच्या आणि एकदा कोपर सोलवटून आल्या होत्या. मी हळद लावली होती. पण ते कुणाला सांगायचं असतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

मास्टरसाहेब कडुलिंबाकडे बघतच म्हणाले, "वादा नहीं करता, अम्माँजी. कौन्सिल में हमारी कितनी चलेगी, ख़ुदा जाने. कोशिश करूँगा, इतना कह सकता हूँ." एवढं बोलून त्यांनी आदाब केला आणि गेले. ओटी नाही, नारळ नाही, वचनसुद्धा नाही. मला हा माणूस अगदीच बावळट वाटला. असं कुणी मत मागतं का?

त्या रात्री जेवणं झाल्यावर सासूबाईंनी मला विचारलं, "कौन्सिल म्हणजे काय गं?"

माझ्या आयुष्यात त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. तोवर विचारणारी मी आणि 'हं' म्हणणाऱ्या त्या. मी फुशारून सांगितलं, की निवडलेली माणसं एकत्र बसतात, बोलतात, कायदे करतात.

"मग घाटाची पायरी कायद्यात बसते का?"

मॅट्रिकच्या नागरिकशास्त्रात पायऱ्यांचा धडा नव्हता. मग रोजच नवीन प्रश्न यायला लागले. हरलेल्या माणसाचं काय होतं? बाईला बसता येतं का तिथं? इथं पूर्वी बेगमा राज्य करत होत्या, मग बसता यायला काय हरकत आहे? आत कुणी आपल्यावर पाळत ठेवतं का? या शेवटच्या प्रश्नावर मी म्हटलं, "नाही, पडदा असतो. आत आपण एकटंच." त्या म्हणाल्या, "अगदी एकटं?" मी म्हटलं, "हो." त्यांना ते फार आवडलेलं दिसलं.

मतदानाच्या दिवशी एका शाळेत बायकांसाठी कनाती लावून वेगळी जागा केली होती. आम्ही दोघी टांग्यातून गेलो. चिठ्ठ्या वाटायला त्याच शाळेतली उस्तानी, म्हणजे शिक्षिका, बसली होती. मी आत गेले. तीन पेट्या स्टुलांवर होत्या. मी निळ्या पेटीकडे पाहिलं, पिवळ्या पेटीकडे पाहिलं, आणि पिवळीत चिठ्ठी टाकली. ओटी, वड्या, ह्यांचं कायम होणं, सगळं माझ्या हाताला धरून होतं. माझ्यानंतर सासूबाई गेल्या. त्या आत बराच वेळ राहिल्या. मागच्या बायका कुरकुरायला लागल्या, उस्तानीनं "अम्माँ, हो गया क्या?" म्हणून हाक मारली, तरी त्या आपल्या सवडीनंच बाहेर आल्या. आजवर मी त्यांना कुठेही इतकं निवांत पाहिलं नव्हतं. देवळात पण त्या घाईघाईनं प्रदक्षिणा घालायच्या.

संध्याकाळी मोठ्या बाई टांग्यातून आल्या. आल्या त्या आभार मानायला. स्वभावानं बाई वाईट नव्हत्या, हे मला सांगायलाच हवं. हातात तिळाच्या लाडवांचा डबा होता. हे नुकतेच ऑफिसातून येऊन बसले होते, ते ताडकन उठून उभे राहिले. मोठ्या बाई म्हणाल्या, "या घरची तिन्ही आपलीच ना? साहेब विचारत होते."

"म्हणजे काय! तिन्ही," हे म्हणाले.

"दोन," स्वयंपाकघराच्या दारातून सासूबाई म्हणाल्या.

हे गरकन वळले. "आई, तू आत जा."

"दोन तुमची," सासूबाई मोठ्या बाईंकडे बघत म्हणाल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "तिसरं माझं होतं. ते मी मास्तरांना दिलं."

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. "पण का हो? आमचं काही चुकलं का?"

"त्यांनी मागितलं."

"अहो, मी आले होते की तुमच्याकडे!"

"आलात. सुनेची ओटी भरलीत. मी तिथंच बसले होते. मला वाटलं, जाताना मागाल."

मोठ्या बाईंनी डबा हातातच घट्ट धरला होता, मग त्यांना सुचलं आणि त्यांनी तो जमिनीवर ठेवला. त्या निघाल्या. जाताना दारापाशी थांबून त्यांनी सासूबाईंकडे एकदा पाहिलं. टांगा गेल्यावर ह्यांनी तो लाडवांचा डबा उचलून कपाटात आत सारला आणि म्हणाले, "संपलं. आता नोकरी कायम व्हायची ती पुढच्या जन्मी."

सासूबाई म्हणाल्या, "खोटं बोलायचं होतं का?"

"गप्प बसायचं होतं."

"ते तर मी रोजच बसते."

मला तेव्हा हसू आलं, भीती वाटली आणि सासूबाईंचा इतका अभिमान वाटला की काय करावं कळेना. मी उठून दिव्याची काच पुसायला घेतली, ती पुसलेली होती तरी.

पिवळी पेटी दणदणीत निवडून आली. एका मतानं काही अडलं नव्हतं. पण ह्यांचं कायम होणं अडलं. मोठ्या साहेबांनी राग धरला का, की त्यांच्या शब्दाला तितकं वजन नव्हतंच, हे मी कधी शोधू शकले नाही. ह्यांनी मात्र राग धरला. कितीतरी महिने हे आईशी माझ्यामार्फत बोलायचे. "सांग तिला, मला उशीर होईल." त्या समोरच बसलेल्या असायच्या. मला दोघांचाही वैताग यायचा. मी एकदा म्हटलं, "मी काय तारवाली आहे?" तरी फरक पडला नाही. सासूबाई रात्री ह्यांच्या ताटापाशी बसायच्या त्या बसेनाशा झाल्या. लेकाचं मौन त्यांना लागत होतं, आणि ते त्या दाखवत नव्हत्या.

कौन्सिल किती चाललं, काय केलं, मला आठवत नाही. घाटाच्या पायऱ्या तशाच राहिल्या. एकदा वाटेत मास्टरसाहेब भेटले तर खाली बघत म्हणाले, "अम्माँजी, कोशिश का मौक़ा ही नहीं मिला." सासूबाई म्हणाल्या, "आपने पूछा था." पुढे ते जवळच्याच सिहोर गावी राहायला गेले असं कळलं.

मग संस्थान विलीन झालं. कच्चे-पक्के सगळे नव्या सरकारनं घेतले आणि हे आपोआप कायम झाले. पेढे आणले. एक आईपुढं ठेवला, स्वतःच्या हातानं, पण न बोलता. पुढे हळूहळू बोलणं सुरू झालं, तरी त्या विषयाला कुणी हात लावला नाही.

राज्यं पुन्हा मांडली गेली तेव्हा भोपाळ मध्य प्रदेशची राजधानी झालं. चार ठिकाणची खाती एकत्र आली. नागपूरहून कचेऱ्याच्या कचेऱ्या उचलून आणल्या. गाड्या भरभरून कारकून, त्यांच्या बायका, ट्रंका, पाटे-वरवंटे. कुणाला यायचं होतं, कुणाला नव्हतं. बाजारात एकदम चहूकडून मराठी ऐकू यायला लागलं, मला तर जत्रा भरल्यासारखं वाटायचं. पण ह्यांच्या ऑफिसात चार ठिकाणच्या लोकांची एकच उतरंड लावली आणि त्यात हे, भोपाळचे जुने, बरेच खाली गेले. ज्यांना आदल्या वर्षी काम शिकवलं असतं असे लोक वर बसले.

त्या संध्याकाळी हे जेवायला बसले आणि घास हातातच राहिला. म्हणाले, "वर-खाली करा, ठीक आहे. सरकार आहे. पण निदान एकदा विचारायचं तरी! मी तिथंच बसलो होतो. माझ्यासमोर कागद फिरत होता आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांची नजर तोवर मंद झाली होती. त्या म्हणाल्या, "हो रे. विचारायला हवं होतं."

त्यात टोमणा नव्हता. मी चांगली ओळखत होते त्यांना, टोमणा असता तर मला कळला असता. त्यांना लेकासाठी वाईट वाटलं होतं, बस्स. पण ह्यांनी मान वर केली आणि बराच वेळ आईकडे बघत राहिले. मग जेवायला लागले. हात धुतल्यावर पाणी प्यायला म्हणून गेले ते आईजवळच बसून राहिले. काय बोलले मला माहीत नाही. मी मुद्दामच भांडी घासत मागे थांबले, आणि प्रश्न विचारले नाहीत. माझ्यासाठी ते सोपं नव्हतं.

त्यानंतर पुन्हा निवडणूक आली, पक्षांची. झेंडे, चिन्हं, भोंगे, सगळं. दोन तरुण कार्यकर्ते हातात कागद घेऊन गल्लीत घर घर करत आले. चेहऱ्यावर घाई. आमच्या दारात उभं राहून एकानं ह्यांना विचारलं, "भाईसाहब, इस घर में कितने वोट हैं?"

मी आत पोळ्या लाटत होते. 'तीन' हे उत्तर मला ह्यांच्या तोंडून ऐकू यायलाच लागलं होतं.

हे म्हणाले, "मेरा एक है. बाकी दो मुझे नहीं मालूम. अंदर आइए, उनसे पूछिए."

"अरे, आप ही बता दीजिए ना."

"नहीं. चप्पल उतारिए और अंदर आइए."

तो पोरगा बिचारा चप्पल काढून आत आला. सासूबाई खाटेवर बसल्या होत्या. त्यांना तो नीट दिसत नव्हता, पण कुणीतरी समोर येऊन उभं राहिलंय हे कळत होतं. ह्यांनी त्याच्यासाठी पाट सरकवला आणि आईच्या कानाशी वाकून सांगितलं, "आई, हे तुझ्याकडे आलेत." सासूबाईंनी पदर सावरला, पाय जवळ घेतले. पोरगा पाटावर बसला, हातातल्या कागदाकडे बघायला लागला, मग ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे. काय विचारायचं ते त्याला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

"हाँ," सासूबाई म्हणाल्या, "पूछो, बेटा."